गळतीची वही

सकाळी साडेसातला मी खोलीचं दार उघडते.
आत वीस अंश, बारा तास उजेड, नळाचं पाणी
आणि एकशे चाळीस बरण्यांत एकेक पॉपी,
देठाचं टोक ज्योतीवर पोळलेलं.
नजर आधी खाली न्यायची, मग वर.
फुलाचं काय चाललंय ते टेबल सांगतं.

पूर्वी मी खाटकाच्या दुकानात हिशेब लिहायचे,
आता पाकळ्यांचा लिहिते.
बरणी अकरा : चौथा दिवस, दोन.
बरणी बारा : चौथा दिवस, सगळ्या.
बरणी तेरा : दार उघडल्याच्या वाऱ्याने, माझ्यादेखत,
एक.
ती मोजायची का, असं मी ओत्ताविआला विचारलं होतं.
म्हणाली, मोज. गिऱ्हाइकाच्या घरालाही दार असतंच.

सान्रेमोच्या वरच्या अंगाला, दगडी बांधांच्या उतरंडीवर
तिची काचघरं आहेत. खाली समुद्र,
ज्याच्याकडे बघायला इथे कुणाला सवड नाही.
बावीस वर्षं ती या रोपांकडे एकच मागणं मागतेय :
धरून ठेवा.
बाकी सगळं आहे त्यांच्याकडे, तो केशरी, तो लिंबोणी,
पेटीतून नुकत्याच काढलेल्या रेशमाच्या चुण्या.
फक्त मूठ सैल.

केसाळ कळी ती चिमट्याने उकलते,
केसर खुडते, ब्रशाने दुसऱ्याचा पराग लावते,
दोऱ्याने चिठ्ठी बांधते,
वरून कागदी पिशवीचं टोपडं.
दोन दिवसांनी टोपड्यात पाकळ्या.
"लागलं," ती म्हणते, आणि पुढच्या वाफ्याकडे.

मला हे कळायला अख्खा हंगाम गेला :
पराग पोचला की फूल पाकळ्या सोडतं.
माल विकून झाल्यावर पाटी कशाला?
आणि बरणीत जे टिकतं, आठव्या, नवव्या दिवसापर्यंत,
ते अजून वाट बघत असतं
एखाद्या माशीची,
जिला या खोलीत मीच येऊ देत नाही.

हे बोलून दाखवलं तेव्हा
ओत्ताविआने चिमटा खाली ठेवला.
"ब्रुना, माणसांना लावू नकोस हं.
खसखशीच्या जातीबद्दल बोलतोय आपण."
मी कुठे लावलं होतं?

मग मार्चमध्ये बरणी त्र्याण्णव.
रंग फिका, जर्दाळूच्या आतल्या बाजूसारखा.
सहावा दिवस, शून्य. दहावा, शून्य.
पंधराव्या दिवशी मी मुद्दाम दार आपटलं.
नेल्लो खतं घालतो आणि कशालाच बरं म्हणत नाही,
त्याने वाकून फुंकर मारली,
पुन्हा मारली,
आणि टोपी काढली.

काचघरात तिच्याच बहिणींना ओत्ताविआने पराग दिला होता.
बोंडं धरली, फुगली,
पाकळ्या जागच्या जागी.
बाळंतीण झाली तरी लग्नातला शालू अंगावर.
रंग उडाला, कडा करपल्या, पहाटेचं दव आत साचलं,
करडी बुरशी आली.
नऊ बोंडांतून बी निघालं ते एका नखावर मावेल एवढं,
त्यातलंही निम्मं पोचट.

त्या दिवशी जेवायला कुणी कुणाशी बोललं नाही.
नेल्लोने पाव मोडला आणि तसाच ठेवला.

एप्रिलात तिने पुन्हा परागण केलं.
तिसऱ्या सकाळी मला हाक मारली, वही घेऊन ये म्हणाली.
ती गुडघ्यांवर बसली होती वाफ्याशी, चष्मा कपाळावर,
आणि एकेका फुलाच्या पाकळ्या
दोन बोटांनी, मुळाशी धरून,
उतरवत होती.
हिसका न देता, झोपलेल्या पोराचे मोजे काढावेत तशी.
फूल जे विसरलं होतं
(तिनेच विसरायला लावलं होतं, बावीस वर्षं)
ते ती त्याच्या वतीने करत होती.

"लिही," ती मान वर न करता म्हणाली.
वहीत याला रकाना नाही.
मी तारीख घातली, वाफा, रोपाचा नंबर,
मग थोडा वेळ थांबून :
चार. हाताने.